दोन मिनिटं चाळीस सेकंद

सेक्टर १०, भिलाई
१३ जुलै १९८६

प्रिय आनंदराव,
जयभीम.

एका घोर अन्यायाकडे तुमचं लक्ष वेधणं सचिव या नात्यानं माझं कर्तव्य आहे. आपल्या विदर्भ मित्र मंडळाच्या सभागृहातला पोडियम सहा फुटी माणसाच्या मापानं बनवलेला आहे. तो सहा फुटी माणूस तुम्ही. मी पाच फूट दोन इंच. गेल्या रविवारी दहावीतल्या गुणवंतांच्या सत्कारात मी अठरा मिनिटं बोललो आणि श्रोत्यांना अठरा मिनिटं फक्त माझं कपाळ दिसलं. अध्यक्ष भैय्याजींनी आभार मानताना सांगितलं, "श्यामरावांचे विचार उत्तम होते. ते कुठून येऊन राहिले होते एवढंच समजलं नाई." लोक माझ्या भाषणावर हसले नव्हते, यावर हसले.

पूर्वी ही अडचण नव्हती. पॅकिंगच्या फळ्या ठोकून तुम्ही बुटक्या वक्त्यांसाठी एक पायरी केली होती. रिटायर होऊन क्वार्टर सोडताना तुम्ही ती कोहक्याला घेऊन गेलात. पायरी मंडळाची आहे. ती परत मिळावी, ही रीतसर मागणी समजावी.

कोहका इथून सायकलनं वीस मिनिटं. मध्ये रेल्वेचं फाटक बंद मिळालं तर अर्धा तास. तरी हे पत्र पोस्टानं येतं आहे, याची तुम्हाला गंमत वाटेल. वाटली नाही तरी मी समजू शकतो.

रविवारचा वक्तृत्ववर्ग चालू आहे. सात मुलं आहेत. मराठीत सुरू करतात, दुसऱ्या वाक्यात 'मतलब' म्हणतात, तिसऱ्यापासून हिंदी. मी माझा भाग शिकवतो: कुठे थांबायचं, कुठला शब्द उचलायचा, हात कमरेच्या वर कधी न्यायचा. तुमचा भाग अडतो. तुम्ही मैदानाच्या टोकाला पाण्याच्या टाकीच्या भिंतीशी जाऊन उभे राहायचात आणि पोरानं न ओरडता, पोटातून, तुमच्यापर्यंत आवाज पोचवायचा. पोचला की तुम्ही तिथून म्हणायचात, "ऐकू आलं." तोवर वाक्य पुन्हा. एकेकाला पंधरा वेळा म्हणायला लावलंत. प्लांटातल्या रोलिंग मिलच्या खडखडाटात पंचवीस वर्षं माणसांशी बोललेला माणूस, तुमच्या 'ऐकू आलं'ची पोरांना किंमत होती. आता मी तिथे वर्गातल्या शैलाला उभं करतो. ती पहिल्याच वाक्याला "ऐकू आलं" म्हणते, कारण तिला घरी जायचं असतं.

गेल्या ऑक्टोबरातल्या प्रकाराबद्दल एक खुलासा करून टाकतो, म्हणजे तो विषय मिटेल. माझं घड्याळ पुढे होतं.

पायरीची वाट पाहतो.

तुमचा
श्यामराव


सेक्टर १०, भिलाई
१० ऑगस्ट १९८६

प्रिय आनंदराव,
जयभीम.

पायरी मिळाली. चंपा लुनाच्या मागे बांधून घेऊन आली. आपल्या वर्गातून निघालेली सगळ्यात चांगली बोलणारी मुलगी ती, आणि दारात उभी राहून जेमतेम चार वाक्यं बोलली.

"काका, बाबांनी पायरी पाठवली."

"आत ये ना, बेटा. काकू चहा टाकते आहे."

"नको काका. नंदिनी गावातल्या माह्या शाळेच्या कॉप्या तपासाच्या हायेत."

"बाबा काय म्हणाले?"

"म्हणाले, पायरी दे आन् ये." मग लुना वळवता वळवता तिनं मागे पाहिलं. "सच बोलूं, काका? त्या घड्याळाच्या ओळीवर बाबा हसले. पन ते हसू चांगलं नव्हतं."

सुशीलानं टाकलेला चहा मीच दोन कप प्यायलो.

त्याच संध्याकाळी वर्गात शैलानं मला धरलं. मी वेळेचं महत्त्व समजावत होतो. चार मिनिटांनी एक घंटी, पाच मिनिटांनी दोन, वगैरे. ती म्हणाली, "सर, पिछले साल आनंदराव अंकल को डबल घंटी इतनी जल्दी क्यों दी?"

मी म्हटलं, "घड्याळ पुढे होतं."

"तो बाकी सबकी घंटी सही कैसे थी?"

बारा वर्षांची आहे. तिला वक्तृत्वाऐवजी वकिली शिकवायला हवी.

तर घड्याळ बरोबर होतं. रोज सकाळी प्लांटच्या भोंग्याला मी ते लावतो, हे तुम्हाला माहीत आहे. आता नीटच लिहितो. २० ऑक्टोबरचा रौप्यमहोत्सव. पाच संस्थापक सदस्य, प्रत्येकी पाच मिनिटं, घंटीवर मी. तुम्ही चौथे. तुम्ही उभे राहिलात, आपण पोरांना शिकवतो तसं आधी सभागृहाकडे पाहिलंत, मनात तीन मोजले असतील, मग बोललात. पहिली काही वर्षं मंडळाच्या बैठका श्यामरावांच्या क्वार्टरात व्हायच्या, म्हणालात. लोकांची नावं घेतलीत, हसवलंत. मग म्हणालात, "बैठकीनंतर चहा व्हायचा. सगळ्यांना घरातल्या कपबश्या, आणि मागच्या कोनाड्यात एक कप वेगळा ठेवलेला."

मी दोन घंट्या वाजवल्या. घड्याळात दोन मिनिटं वीस सेकंद झाले होते.

घंटी वाजली की चालू वाक्य पुरं करायचं, नवं सुरू करायचं नाही, हे तुम्हीच मुलांना घोटून घोटून शिकवलेलं. तुमचं वाक्य पुरं झालेलं होतं. तुम्ही नमस्कार केलात आणि खाली उतरलात. घड्याळ फक्त मी पाहत होतो आणि तुम्ही. असं मला वाटलं होतं. शैलाही पाहत होती.

पण एक सांगतो. प्रमुख पाहुणे चुळबुळ करत होते. त्यांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. कार्यक्रम लांबला होता, अजून अध्यक्षीय व्हायचं होतं. सचिवाला काही निर्णय घ्यावे लागतात.

पायरी मजबूत आहे. एक खिळा वर आला होता, तो ठोकून घेतला.

तुमचा
श्यामराव


सेक्टर १०, भिलाई
७ सप्टेंबर १९८६

प्रिय आनंदराव,

तुमचं उत्तर नाही. बरोबर आहे. उत्तर द्यावं असं मी अजून काही लिहिलेलं नाही.

प्रमुख पाहुणे चुळबुळ करत नव्हते. ते डोळे मिटून बसले होते, आणि मला वाटतं झोपले होते.

मी बोलणं शिकवणारा माणूस. वाक्य कुठे वळणार ते मला वक्त्याच्या आधी कळतं. 'बैठकीनंतर चहा व्हायचा' या तीन शब्दांतच मला कळलं होतं, की पुढे कोनाडा येणार. तुम्ही 'वेगळा' म्हणेपर्यंत माझा हात घंटीवर होता.

आणि पहिल्या रांगेत आई होती. खांद्यावर नवी शाल, मांडीवर नारळ. सुरुवातीच्या वर्षांतल्या बैठकांना चहा देणारी माउली म्हणून अर्ध्या तासापूर्वीच तिचा सत्कार झाला होता. सत्काराचं भाषण माझं. ती कोनाड्याची गोष्ट अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईनं दोनशे माणसांत ऐकायची? मी स्वतःला हेच सांगितलं. दहा महिने सांगतो आहे. यातून एक सभ्य मुलगा तयार होतो, आणि त्याच्याबरोबर राहणं मला सोपं जातं.

परवा आई अंगणात शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, "आनंदराव दिसून नाई राहिला कुठं. कावून?"

"गुडघे दुखतात त्यांचे."

"गुडघे त्याचे दुखतेत आन् तोंड तुहं उतरलं?"

मग मी सांगितलं. घंटी, दोन मिनिटं वीस सेकंद, कप. मोठ्यानं सांगावं लागलं, शेजारच्या क्वार्टरातलं रेडिओवरचं गाणं बंद झालं. आईनं सोललेली शेंग पुन्हा सुपात टाकली.

"निळ्या काठाचा होता तो कप," ती म्हणाली. "मीच ठेवला होता कोनाड्यात. माह्या सासूनं जसं शिकोलं तसं. तो सांगून राहिला होता तं सांगू द्याचं होतं."

"तुझ्यासाठी थांबवलं, आई. समोरच बसली होतीस."

"माह्यासाठी?" ती माझ्याकडे बघत राहिली. "तो लाउडस्पीकर डाव्या अंगाले होता. डाव्या कानानं मले काई ऐकू येते का? पूर्ण कार्यक्रमात लोकाईच्या टाळ्या पाहून मी टाळ्या वाजोल्या. तुह्याही भाषणाले."

मी सुपातली एक शेंग उचलून सोलायला घेतली.

"आता सांग म्हणा त्याले. नाई तं तू सांग. आन् उजव्या कानाच्या बाजूनं सांग. मी गेल्यावर सांगशील तं मले ऐकू कसं येईल?"

आनंदराव, तिचा डावा कान पंधरा वर्षांपासून गेलेला आहे आणि मी त्याच घरात राहतो. मला माहीत होतं. घंटी वाजवताना आठवलं नाही, कारण आठवायचं नव्हतं. मी ती माझ्यासाठी वाजवली. त्या क्वार्टराचा मालक मी होतो. सगळ्यांबरोबर चहा पिऊन झाला की तुम्ही मागच्या नळावर जाऊन स्वतःचा कप धुवायचात आणि परत कोनाड्यात ठेवायचात. मी टॉवेल घेऊन शेजारी उभा असायचो, जणू फार मोठी मदत करतो आहे. साडेतीन वर्षं. तेव्हा समतेवर मी मंडळात दोन भाषणं दिली होती, दोन्ही गाजली.

१९ ऑक्टोबरला मंडळाचा वर्धापनदिन आहे. सचिव म्हणून मला पाच मिनिटं मिळतात. तुमची अर्धी राहिलेली गोष्ट मी लोकांसमोर पुरी सांगू का? तुम्ही हो म्हटलंत तरच.

श्यामराव


सेक्टर १०, भिलाई
१६ ऑक्टोबर १९८६

प्रिय आनंदराव,
जयभीम.

तुमचं कार्ड काल मिळालं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेला होतात, तिथूनच टाकलेलं दिसतं. नागपूरचा शिक्का आहे. एवढ्यांदा वाचलं, की पाठ झालं आहे. इथे उतरवून ठेवतो, म्हणजे मला नंतर बदलता येणार नाही.

"श्यामराव, जयभीम. माझी गोष्ट तुम्ही सांगू नका, मी सांगीन. तुम्हाला ती अर्धीच माहीत आहे. त्या दिवशी माझ्या चिठ्ठीवर पाच शब्द होते. बैठक, चहा, कप, फुटला, प्रश्न. तुमची घंटी तिसऱ्या शब्दावर वाजली. पाचवा शब्द तुमच्यासाठी होता. चौसष्ट सालच्या मे महिन्यात तो कप तुम्ही मुद्दाम फोडला, का हातून निसटला? बावीस वर्षं मी धरून चाललो की फोडला. पण एकदा विचारावं असं वाटत होतं. चारचौघांत विचारणार होतो, उत्तर चारचौघांतच द्या. पत्रात नको. आनंदराव."

मला वाटलं होतं तुम्ही माझी लाज काढायला उभे राहिलात. तुम्ही पाच शब्दांच्या चिठ्ठीवर माझ्यासाठी दोन शब्द ठेवले होते.

घरात ती गोष्ट कशी सांगितली जाते ते तुम्ही ऐकलेलं आहे. सुशीला तेव्हा लग्न होऊन नुकती आली होती. तिच्या सांगण्यात मी मागच्या नळाशी जातो, कोनाड्यातला तो कप उचलतो आणि फरशीवर आपटतो. तिनं ते आमच्या मुलींना सांगितलं, तुमच्या चंपाला सांगितलं, व्याह्यांना सांगितलं. तिनं पाहिलेला माझा एकमेव पराक्रम तो. आणि पाहिलेला म्हणजे, ती स्वयंपाकघरात होती, तिनं फक्त आवाज ऐकला. तुम्ही पुढच्या दारात चपला घालत होतात. मी हातात तुकडे घेऊन बाहेर आलो. तुम्ही तुकड्यांकडे पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत, आणि काही न बोलता माझ्या खांद्यावर हात ठेवलात. मीही काही बोललो नाही.

उत्तर मला माहीत आहे. तुम्ही मनाई केली आहे म्हणून इथे लिहीत नाही.

इतकी वर्षं दुसऱ्यांना उभं राहून बोलायला शिकवतो आहे. एका शब्दाच्या भाषणापायी दोन दिवस जेवण जात नाही. चिठ्ठी केली आहे. तुमच्या पद्धतीनं, पाच शब्दांची. चौथ्या शब्दापर्यंत म्हणून पाहतो आणि पाणी प्यायला उठतो.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता. याल का, विचारत नाही.

श्यामराव


सेक्टर १०, भिलाई
२० ऑक्टोबर १९८६

प्रिय आनंदराव,

तुम्ही होतात. शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर. माझ्याशी न बोलता गेलात, म्हणून तुम्हाला मागून जे दिसलं नसेल ते लिहितो.

आईला मी डाव्या टोकाला बसवलं होतं, उजवा कान मंचाकडे येईल असं. शेजारी सुशीला. घंटी आणि घड्याळ चंपाच्या हातात दिलं. भैय्याजी कुरकुरले, "सचिवाच्या भाषणाले टाइमकीपर?" मी म्हटलं, सगळ्यात जास्त त्यालाच लागतो.

तुमच्या पायरीवर उभा राहिलो. चेहरा पूर्ण दिसत होता, कपाळामागे लपायची सोय नव्हती. आधी सभागृहाकडे पाहायचं, मनात तीन मोजायचे. मी एकपर्यंत मोजलं. हात कुठे ठेवायचे ते सुचेना, पोडियमची कड धरून ठेवली. माझ्या वर्गातल्या पोरानं तसं केलं असतं तर मी त्याला बाहेर काढलं असतं. पहिलं वाक्य पोटातून नाही, कुठूनच आलं नाही. शैलानं दुसऱ्या रांगेतून मान हलवली: परत.

परत म्हटलं. गेल्या वर्षी आनंदरावांना मी दोन मिनिटं वीस सेकंदांवर थांबवलं. घड्याळ बरोबर होतं. पाहुण्यांची काही तक्रार नव्हती. आईला काही ऐकू येत नव्हतं. ती गोष्ट माझ्या घरातली होती म्हणून थांबवलं. ती गोष्ट त्यांची आहे, मी सांगणार नाही. त्यांनी मला एक प्रश्न विचारला आहे, त्याचं उत्तर देतो.

मग म्हटलं: कप मी फोडला नाही. त्या दिवशी आनंदरावांना मिलमध्ये जायची घाई होती, म्हणून कप धुवायला मी घेतला. पहिल्यांदाच. हाताला साबण होता. निसटला.

इथवर माझ्या चिठ्ठीत होतं. पाचवा शब्द झाला होता, उतरायला हवं होतं. पण तुम्ही उभे होतात. केव्हा उठलात, मला दिसलं नाही. म्हणून चिठ्ठीत नसलेलंही बोललो. म्हटलं, त्याच संध्याकाळी आईनं सांगितलं, दुसरा एक आण. मी हो म्हटलं. सुपेल्याच्या बाजारातून आणणार होतो, राहून गेलं. पुढच्या रविवारी सुशीलानं घरात होते त्या कपांत सगळ्यांना चहा ओतला, आणि मग वेगळा कप कोणी आणलाच नाही. माझ्या घरात जे बदललं ते माझ्या विसरण्यानं बदललं. आनंदरावांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा मी हे सांगायला हवं होतं. मी हात ठेवू दिला.

आवाज तिथे पार बसला. विराम घेतला असं काहींना वाटलं असेल. तो विराम नव्हता.

मग तुमचा आवाज आला. माइक नाही, वर चढवलेला नाही. टाकीच्या भिंतीपासून यायचा तोच.

"ऐकू आलं."

मी चंपाकडे पाहिलं. दोन मिनिटं वीस सेकंद झाले होते, एवढं मला माझ्या विषयातलं अजून जमतं. म्हटलं, यापुढची दोन मिनिटं चाळीस सेकंद आनंदरावांची, आणि खाली उतरलो. तुम्ही मंचावर आला नाहीत. जागेवर बसलात, हात मांडीवर ठेवून. सभागृहात कोणी हललं नाही. भैय्याजींनी एकदा घंटीकडे हात नेला, चंपानं ती उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. पूर्ण दोन मिनिटं चाळीस सेकंद. मंडळाच्या इतिहासात एवढा वेळ कोणीच बोललं नाही असं पहिल्यांदा झालं असेल.

घरी येताना आई म्हणाली, "आवाज पडला तुहा. पन आला."

कुलूप काढताना सुशीला म्हणाली, "मंग त्या रविवारी सगळ्याईले सारखा चहा म्याच देल्ला होता, नाई का?"

"हो."

"हे इतके वर्षं सांगाचं सुचलं नाई तुमाले."

तिचंही बरोबर आहे. ते वेगळं भाषण आहे आणि ते मला घरातच द्यावं लागेल.

श्यामराव


कोहका, तुमच्या ओसरीवरून
रविवार, २६ ऑक्टोबर

आनंदराव,

आज पोस्टानं नाही, सायकलनं आलो. फाटक उघडं होतं, वीस मिनिटंही लागली नाहीत. चंपा म्हणाली तुम्ही बाजारात गेला आहात, यालच इतक्यात. तासभर बसलो. आता चारला वर्ग आहे, निघतो. टाकीच्या भिंतीशी अजून शैलाच उभी राहते.

चंपानं चहा दिला. ती आत गेली तेव्हा मी मागच्या नळावर जाऊन कप धुतला. ती "काका, राहू द्या" म्हणत बाहेर आली तोवर झालं होतं.

कठड्यावर पालथा ठेवला आहे. धड आहे. ही चिठ्ठी त्याच्याखाली.

श्यामराव